न नेलेले जोड

तीन महिने रोज तासभर चालणाऱ्या माणसाच्या बुटांचा तळ कसा दिसतो, हे मला कोणी शिकवायला नको. बूट दुरुस्तीच्या दुकानात मी तीस वर्षं काढली. ह्यांनी आत बसून ठोकाठोक करायची आणि मी पुढे फळीपाशी बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं, पट्टे शिवायचे, चिठ्ठ्या लिहायच्या. त्यामुळे त्या दिवशी केर काढताना ह्यांचे चालायचे बूट उचलले, सवयीनं पालथे केले आणि मी केरसुणी हातात धरून तिथेच खाली बसले.

तळ कोरा होता. रबरावरच्या रेघा खोक्यातून निघाल्या तेव्हा होत्या तशाच. टाचेची मागची कड सगळ्यांची आधी झिजते, राजाची काय आणि हमालाची काय. ह्यांच्या टाचेला नखाएवढीसुद्धा झीज नव्हती. बोटाला लागली ती आमच्याच जिन्यातली धूळ.

आणि हे तर रोज सकाळी सहाला बाहेर पडत आणि सव्वासातला घाम पुसत परत येत.

"चाललात?" मी विचारायची.

"चाललो की. चांगला तासभर."

मग तो तासभर जात कुठे होता?

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. हे तेव्हा अडुसष्टचे होते आणि मी चौसष्टची. दुकान घरापासून दोनशे पावलांवर. लग्न झालं त्या आठवड्यात मी ती मोजली होती, दर वेळी दोनशेच भरली. ह्यांचं जन्माचं चालणं म्हणजे दोनशे जायची आणि दोनशे यायची. बाकी दिवसभर बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर कुणाचा तरी बूट, तोंडात खिळे. "मी बसतो म्हणून लोक चालतात," असं म्हणून वर स्वतःच हसायचे. मुलगी फोनवर कपाळ बडवून घ्यायची, "बाबा, आता तरी जरा चाला हो." हे म्हणायचे, "चालणं हे गिऱ्हाइकांचं काम." शेवटी तिनं पार्सलनं बूट पाठवले, पांढरे, मऊ, बशीत ठेवावेत असे. ते वर्षभर खोक्यातून बाहेर आले नाहीत.

मग मुलीनंच हट्ट करून ह्यांची सगळी तपासणी करवली. रिपोर्ट घ्यायला हे एकटेच गेले, माझे गुडघे धरले होते म्हणून मी घरी राहिले. परत आले ते गप्प. चहा पुढे ठेवला, तो निवला. हे खुर्चीत बसून आपल्याच पायांकडे बघत होते.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तेच म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते खोकं उघडलं, पांढरे बूट पायात चढवले आणि न सांगता बाहेर पडले. ज्या माणसाला बेचाळीस वर्षांत कोणी उठवू शकलं नाही, तो आपणहून उठला. दुसरी कोणी असती तर तिनं देवापुढे साखर ठेवली असती. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

कारण हे दोन शब्द मी आधी ऐकले होते. मी एकोणीस वर्षांची असताना माझ्या वडिलांना विचारलं होतं, "दादा, डॉक्टरांकडे का जाता सारखे?" ते म्हणाले होते, "काही नाही गं." त्याच सुमारास ते एकाएकी पहाटे उठून गच्चीवर हातपाय ताणायला लागले होते, वेळेवर जेवायला लागले होते. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करून हसायचो. ते गेल्यावर आईला कपाटात कागद सापडले, आठ महिन्यांच्या तारखांचे. आठ महिने घर हसत होतं आणि एक माणूस त्या घरात एकटाच सगळं जाणून होता. गेलेल्या माणसावर रागवायचं तरी किती? तो राग मग त्या दोन शब्दांवर जाऊन बसला आणि पंचेचाळीस वर्षं तिथेच बसून राहिला.

आता ह्यांच्या तोंडी तेच शब्द, आणि पायात कोरा तळ. मी मुलीला फोन केला.

"आई, बाबा चालत नव्हते तेव्हा तुझी तक्रार. आता चालतायत तरी तक्रार?"

"चालत नाहीत ते. टाच झिजलेली नाही."

"टाच!" ती हसायला लागली. "आई, तू पोलिसात जायला हवं होतंस."

"हसू नकोस. तळ कोरा आहे, अगदी कोरा. तू बूट विकत घेतलेस तसा."

ती बूट दुरुस्त करणाऱ्याचीच मुलगी. हसणं एकदम थांबलं. "मग जातात कुठे?"

"तेच तर."

मी रिपोर्ट शोधला. कपाट उपसलं, गादी उलटली, जुन्या पंचांगांमागे, पिठाच्या डब्यामागे हात घातला. कागद नव्हता. जे काही नाही त्याचा कागद कोणी लपवून का ठेवील?

भरीस भर म्हणून शिंपीणबाई आल्या. त्यांचं दुकान आमच्या दुकानाला लागून. त्यांच्या कानावर काही घालणं म्हणजे दवंडी पिटणं, आणि त्यांच्याकडून काही ऐकायचं तर अर्धं सोडून द्यायचं. पण ते अर्धंही मला पुरलं.

"वहिनी, घरात सगळं बरं आहे ना?"

"का हो?"

"नाही, परवा सकाळी साडेसहाला तुमच्या ह्यांना मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी पाहिलं. मी हाक मारणार होते, पण चेहरा असा गंभीर, की म्हटलं नको. काही असेल तर सांगा हो. आम्ही काय परके?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि माझीच जीभ मला कडू लागली.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी खडा टाकून पाहिला. "आज कुठवर गेला होतात?"

"टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत."

"बाई गं! एवढ्यानं बूट झिजत असतील."

"छे. पोरीनं चांगले घेतलेत," असं म्हणत त्यांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून बशीतला चहा संपवला. खोटं बोलताना हा माणूस नेहमी दुसरीकडे बघायचा. आता तेही शिकला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी उठून खाली उतरले आणि शिंपीणबाईंच्या जिन्याच्या आडोशाला उभी राहिले. हे आले. पायात पांढरे बूट. इकडेतिकडे पाहिलं, दुकानाचं शटर अर्धं वर केलं, वाकून आत शिरले आणि शटर ओढून घेतलं. दहा मिनिटं गेली. मग बाहेर आले आणि चालू लागले.

ह्यांची चाल म्हणजे आखूड, सरळ पावलं, जशी शिवणीची टीप. आणि समोरचा माणूस उजवा पाय बाहेर फेकत, एका अंगावर कलत चालला होता. माझ्यासमोर सरळ आणि माझ्या पाठीमागे असा! मी कोपऱ्यापर्यंत मागे गेले, पण तोवर ते दिसेनासे झाले. सातला परत आले ते तसेच कलत. दुकानात शिरले, दहा मिनिटांनी बाहेर पडले ते ठणठणीत, सरळ, पायात पांढरे बूट.

"आज लवकर उठलीस?" घरी येऊन मलाच विचारतात.

"झोप लागली नाही," मी म्हणाले. निदान तेवढं तरी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिले. त्या दिवशी पाय फेकणं नव्हतं. दोन्ही पायांचे चवडे आत वळलेले आणि पावलं लहान, भराभर, कबुतरासारखी. मी चक्रावले. रोज पाय बदलणारा हा कुठला आजार? तिसऱ्या दिवशी तर हे दाणदाण टाचा आपटत गेले. मी त्यांच्या मागे दोन गल्ल्या गेले, आणि तिथे हे वळून दवाखान्याच्या रस्त्याला लागले. मी दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिले. आता विचारायचं काय उरलं? आठ महिन्यांतले तीन गेले, पाच राहिले, असा हिशेबही मी करून टाकला.

चौथ्या दिवशी धुकं होतं. शटर वर गेलं, खाली आलं. हे मला नीट दिसले नाहीत, आधी आवाज आला.

टक्, खर्र. टक्, खर्र.

तो आवाज मी वीस वर्षं रोज सकाळी अकराला ऐकला होता. तो गल्लीच्या तोंडाशी आला की मी हातातला पट्टा खाली ठेवायची, कारण त्याच्याबरोबर माझ्या आईचं पत्र यायची शक्यता असे. तो आमच्या पोस्टमनचा आवाज होता. टाचांना लोखंडी नाल, उजव्या खांद्यावर थैली, त्या ओझ्यानं उजवा पाय घासत टाकायची सवय. आणि पोस्टमन वारून सहा वर्षं झाली होती.

धुक्यातून एक पाठ दूर चालली होती. पाठ ह्यांची, स्वेटर मी विणलेला. चाल मात्र पोस्टमनची. उजवा खांदासुद्धा तसाच थोडा खाली.

मी मागे गेले नाही. घरून दुसरी किल्ली आणली, शटर वर केलं आणि दिवा लावला.

दुकानात मागच्या भिंतीला दोन फळ्या होत्या, न नेलेल्या जोडांच्या. दुरुस्तीला टाकलेले आणि न्यायला कोणीच न आलेले. असे जोड प्रत्येक दुकानात साठतात. बाकीचे लोक वर्षभर वाट बघून टाकून देतात, ह्यांनी कधी टाकले नाहीत. प्रत्येकाला माझ्या अक्षरातली चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली. नावं विचारायला वेळ नसायचा, म्हणून मी आपली खूण लिहायची. पोस्टमन. चष्मेवाले काका. भांडकुदळ. ही शेवटची चिठ्ठी एकदा त्या गिऱ्हाइकानं स्वतःच वाचली आणि ती किती खरी आहे हे अर्धा तास ओरडून सिद्ध केलं.

वरच्या फळीवर पुरुषांचे जोड. पोस्टमनची जागा रिकामी होती आणि तिथे मुलीनं पाठवलेले पांढरे बूट शहाण्या मुलासारखे बसले होते. मी शेजारचा जोड उचलला. चष्मेवाले काका. चामडं तेल पिऊन मऊ झालेलं, आणि पालथा केला तर तळाला ओली माती. पुढचा, तालीम मास्तर, ज्याचा एक पाय बाहेर पडायचा. माती. कबुतरासारखा चालणारा टायपिस्ट. माती. दवाखान्यातला कंपाउंडर, टाचा आपटत येणारा. तोही झिजलेला. ह्या सगळ्यांना ह्यांनीच एके काळी नवे तळ ठोकले होते. वर्षानुवर्षं कोरे राहिलेले ते तळ आता टाचेला, कडेला, चवड्याखाली झिजायला लागले होते.

मी ह्यांच्या स्टुलावर बसले आणि वाट बघू लागले.

टक्, खर्र. शटर वर गेलं. मला पाहून हे दारातच थांबले.

"रिपोर्ट कुठे आहे?" मी म्हणाले.

"अगं..."

"आधी रिपोर्ट. मग बाकीचं."

त्यांनी निमूटपणे खिळ्यांचा खण उघडला आणि घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. मी दिव्याखाली धरून वाचला. पुन्हा वाचला. मागची बाजू बघितली. हृदय चांगलं, साखर चांगली, सांधे चांगले. खाली डॉक्टरांच्या हातचं: विशेष काही नाही.

"हा खराच कशावरून?"

"आता डॉक्टरांची टाच तपासून ये."

मला हसू आलं आणि त्यापाठोपाठ रडू. हे घाबरले. समोरच्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून पोस्टमनच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले, म्हणजे माझ्याकडे बघावं लागू नये.

"मग त्या दिवशी तोंड का पाडलं होतंत?" मी विचारलं. "चांगलं झालं म्हणून कोणी असं गप्प बसतं?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"तिथे बाहेर बाकावर आणि चाकांच्या खुर्च्यांत सात जण होते. मी काय, खालीच बघणार. पाय पुढे टाकून बसलेले, तळ माझ्याकडे. सातातले पाच तळ कोरे. बूट नवे नव्हते गं, वरून चांगले जुने, चुण्या पडलेले. तळ तेवढा कोरा. चालताच येत नाही, तर झिजणार कशानं? मग आत डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही नाही. बाहेर येऊन त्याच बाकाशी नाडी बांधायला वाकलो, तर माझाही तळ दिसला. दुकानात चपलेवर येतो, हा बाहेरगावी जायचा, अकरा वर्षांचा बूट. त्यांच्यासारखाच कोरा." त्यांनी नाडीची दुसरी गाठ सोडली. "त्यांचा का कोरा ते कळत होतं. माझा कशानं, ते सांगता येईना. इतकं धडधाकट मिळालं आणि मी ते फळीवर ठेवून दिलं."

मी कागदाची घडी घालून तो खिळ्यांच्या खणात परत ठेवला.

"दुसऱ्या दिवशी पोरीचे बूट घालून निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि पुढे कशाला जायचं तेच कळेना. मी जन्मात कामाशिवाय पाऊल टाकलेलं नाही. दुकानात येऊन बसलो. वर बघतो तर पोस्टमनचे बूट तडकायला लागलेले. चामडं पायात राहिलं तर टिकतं, नुसतं ठेवलं की मरतं. म्हटलं तेल द्यावं. तेल दिलं, मऊ व्हावेत म्हणून घातले, पुढे थोडा कापूस कोंबला. घातले आणि ते चालायलाच लागले. तळ मी नवा लावला होता, पण आतली पायाखालची बैठक त्याचीच ना. त्याच्या गल्ल्या, त्याची टेकडी, शेवटचं घर. येताना मनात म्हटलं, हे काम आहे. आणि काम मला येतं."

"आणि दवाखाना?"

"कंपाउंडरचे बूट. त्यांना दुसरा रस्ता कुठे माहीत आहे? फाटकापर्यंत जातात आणि वळतात. तिथे मी रोज मनात त्या बाकावरच्या पाच जणांना नमस्कार करतो आणि माझ्या पायांनाही."

"मला सांगता येत नव्हतं?"

"तू म्हणाली असतीस, मेलेल्यांचे जोडे घालून हिंडताय, डोकं फिरलंय."

"म्हणालेच असते. आताही म्हणते." पण आवाजात जोर राहिला नव्हता.

हे आता माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. "आणि चार दिवस शिंपीणबाईंच्या जिन्याआड कोण उभं होतं? तुझी पावलं मला ओळखू येत नाहीत होय? काल तर दवाखान्याच्या रस्त्यापर्यंत होतीस. दोन गल्ल्या! गुडघे धरलेत ना तुझे?"

मी चमकले. खरंच, गुडघ्यांची मला चार दिवस आठवणच नव्हती. ते मला घेऊन पहाटे जिने उतरले होते, धुक्यात उभे राहिले होते, धावलेही होते. त्यांना मी एकदासुद्धा विचारलं नव्हतं, बाबांनो, जमेल ना?

"तुझ्या गुडघ्यांचे फोटो काढले होते मागे," हे म्हणाले. "काय म्हणाले होते डॉक्टर?"

मी खालच्या फळीकडे बघितलं. "काही नाही म्हणाले होते. चाला म्हणाले होते."

खालच्या फळीवर बायकांचे जोड होते. तिथे तेल लागलेलं नव्हतं. चामडं पांढरं पडलं होतं, दोन पट्टे तडकले होते.

"त्यात माझा पाय जात नाही," हे म्हणाले, आणि एवढंच बोलून तेलाची बाटली माझ्याजवळ सरकवून ठेवली.

कडेचा जोड मला लांबूनच ओळखू आला. काळे, बक्कलवाले, ठेंगण्या टाचेचे. शाळेच्या बाई. आमच्या मुलीला त्यांनीच अक्षरं शिकवली. त्याआधी नऊ वर्षं त्या स्वतः दुकानात आल्या होत्या आणि दोनदा म्हणाल्या होत्या, उद्या नक्की हवेत हं, शाळा सुरू होतेय. त्याच संध्याकाळी त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं. त्यानंतर चार वर्षं त्या खिडकीशी बसून होत्या. चिठ्ठी अजून दोऱ्याला होती, माझ्या अक्षरात: शाळेच्या बाई. नवे तळ. घाई आहे.

मी ती चिठ्ठी सोडली नाही. तेल लावलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा लावलं. सगळी दुपार त्यात गेली. शिंपीणबाई दोनदा डोकावून गेल्या आणि दोन्ही वेळा काही न कळता परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ह्यांनी टायपिस्टचे बूट घातले आणि मी बाईंचे. आत पाय घातला तर टाचेखाली एक लहानसा खळगा होता, दुसऱ्या कुणाच्या टाचेनं केलेला. माझी टाच त्यात बसली. शाळेचा चढ मी मुलीचा हात धरून चढले होते त्यानंतर कधी चढले नव्हते. फाटकाशी पोचलो तेव्हा मला धाप लागली होती आणि ह्यांचे चवडे आत वळलेले होते. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. मी एक बूट काढून पालथा केला. नऊ वर्षांच्या कोऱ्या तळावर पहिले ओरखडे उठले होते, आणि टाचेच्या मागच्या कडेला, जिथे उठायला हवी तिथेच, एक पुसट घासलेली रेघ.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठले तर दोन्ही पोटऱ्या दगड झाल्या होत्या. पलंगाच्या कडेला बसून बक्कल लावताना तोंडातून "आई गं" निघालं.

"काय झालं?" हे दारातून म्हणाले.

"काही नाही."

त्यांनी माझ्याकडे अशा संशयानं बघितलं, की ती नजर मला तीन महिन्यांची ओळखीची होती, माझीच होती.

"अहो, खरंच काही नाही," मी दुसरं बक्कल लावत म्हणाले. "चला, शाळा भरायची वेळ झाली."